१०२४ सिलिंडरची हद्द

वीसेक वर्षांपूर्वी ज्यांनी लिनक्स टाकून पाहिलं असेल, त्यांना माहितीपुस्तिकेतला एक इशारा आठवत असेल: कर्नल पहिल्या १०२४ सिलिंडरच्या आत ठेवा, नाहीतर मशीन सुरू होणार नाही.

हा इशारा खरा होता. मशीन चालू करतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम अजून डिस्कवरच असते. ती उचलून मेमरीत आणताना बायोसची मदत लागते. जुन्या बायोसकडे डिस्कवरचा पत्ता सांगायला एकूण २४ बिट होते: सिलिंडरला १०, हेडला ८, सेक्टरला ६. दहा बिटांत १०२४ च्या पुढे मोजताच येत नाही. त्यात आयडीई डिस्कची हेड १६ पर्यंतच, म्हणून आधी ५०४ एमबीवर गाडी अडली. मग बायोसने हेडचे आकडे फुगवून सांगायला सुरुवात केली आणि हद्द सुमारे ८.४ जीबीपर्यंत सरकली. गंमत म्हणजे लिनक्स एकदा उठलं की ते डिस्कशी थेट बोलतं, त्याला ही हद्द नाहीच. अडचण फक्त उठण्यापुरती.

१९९० च्या दशकातच बायोसमध्ये पत्ता सांगायची नवी पद्धत आली. २००० च्या सुमारास लिलो हा बूटलोडरही ‘एलबीए३२’ या पर्यायाने ती वापरू लागला. हद्द संपली. इशारा मात्र एका पुस्तिकेतून दुसरीत उतरत राहिला. कारण गळालं, हुकूम उरला. आंद्रीस ब्राउवर यांच्या ‘लार्ज डिस्क हाउटू’मध्ये या मर्यादांचा इतिहास सविस्तर आहे. पण तो कोण वाचतो? मीही वाचला नव्हता.

२००४ साली शाळेत ४० जीबी डिस्कचं नवं मशीन आलं. माझ्याकडे त्या इशाऱ्याची झेरॉक्स होती, तिच्यावर तारीख नव्हती. आज्ञाधारकपणे मी डिस्कच्या सुरुवातीला बूटसाठी जागा काढायला बसलो आणि पार्टिशन नव्याने आखताना विंडोज पुसलं गेलं. त्यात इनपेजमध्ये टाइप केलेलं मुलांचं उर्दू वार्षिक होतं. त्या मशीनला या खटाटोपाची मुळीच गरज नव्हती, हे नंतर कळलं. मुलांनी मूळ वह्या जपून ठेवल्या होत्या म्हणून वाचलो. दोन मुली आणि मी, सुट्टीत बसून पुन्हा सगळं टाइप केलं.

त्या झेरॉक्सच्या हाशियात मी नंतर पेनाने वर्ष लिहिलं.