दोन मॉरिस आणि एक गंजलेला उंबरठा

इ.स. १८७७च्या मार्च महिन्यात इंग्रज कवी विल्यम मॉरिस यांनी 'अथेनिअम' या नियतकालिकाला एक पत्र लिहिले. जुन्या चर्चवास्तूंचा जीर्णोद्धार करण्याच्या नावाखाली त्यांचा विध्वंस चालला आहे, अशी त्या पत्रातील तक्रार होती. त्याच महिन्यात त्यांच्या पुढाकाराने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वूस्टर येथे दुसऱ्या एका विल्यम मॉरिसचा जन्म झाला. हा मॉरिस पुढे ऑक्सफर्डमध्ये सायकली दुरुस्त करता करता मोटारींचा कारखानदार झाला आणि लॉर्ड नफील्ड म्हणून प्रसिद्धी पावला. या दोघांचे काही नाते नव्हते. कवी मॉरिस १८९६ साली वारले, तेव्हा दुसऱ्याची पहिली मोटार रस्त्यावर यायला सतरा वर्षे अवकाश होता. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडातील घरोघरच्या गॅरेजांत एक प्रश्न उभा राहिला, आणि त्यात हे दोन्ही मॉरिस समोरासमोर आले. साहित्याच्या अभ्यासकांनी त्या प्रश्नाकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. कारण पाठचिकित्सेच्या वर्गात आपण जे शिकवतो, तेच तिथे पत्रा आणि वेल्डिंग यांच्या भाषेत मांडलेले दिसते.

प्रथम कवी मॉरिस यांची बाजू पाहू. एकोणिसाव्या शतकात जुन्या वास्तूला तिचे 'मूळ' रूप परत मिळवून देण्याची लाट युरोपात आली होती. फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्यूक हे वास्तुविशारद तिचे अध्वर्यू होते. वास्तूला पूर्णत्वाच्या अशा अवस्थेत न्यावे, की जी कदाचित इतिहासात कधीच अस्तित्वात नसेल, इथपर्यंत त्यांची भूमिका गेली होती. इंग्लंडात रस्किन यांनी १८४९ सालीच याला विरोध केला होता. मॉरिस यांनी तो विरोध चळवळीत उतरविला. भिंतीवरचा जुना गिलावा खरवडून काढण्याला त्यांचा आक्षेप होता, म्हणून त्यांच्या मंडळाला 'अँटी-स्क्रेप' हे टोपणनाव पडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: काळाने वास्तूवर जे लिहिले ते पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही. गळती थांबवा, टेकू द्या, रोजची निगा राखा. पण गेलेले शतक परत आणल्याचा आव आणू नका.

आता दुसऱ्या मॉरिसचा वारसा. 'एमजी' ही अक्षरे 'मॉरिस गॅरेजेस' या त्यांच्या ऑक्सफर्डमधील विक्री-दुरुस्तीच्या व्यवसायावरून आली. तेथील व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी मॉरिसच्या साध्या गाड्यांवर देखण्या, हलक्या बॉडी चढवायला सुरुवात केली, आणि त्यातून एक नवे नाव उभे राहिले. १९२९ पासून या गाड्या अ‍ॅबिंग्डन येथे तयार होऊ लागल्या. १९६२ साली तिथे 'एमजीबी' आली. १९८०मध्ये कारखाना बंद होईपर्यंत पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. शाळामास्तरालाही परवडावी अशी ही स्पोर्ट्स कार होती, आणि पुढे ती घरच्या घरी दुरुस्त करणाऱ्यांची लाडकी झाली ती याचमुळे.

तिच्या आधीच्या 'एमजीए'ला स्वतंत्र चासी होती. बॉडी तिच्यावर बसवलेली असे. एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून तयार केलेली बॉडी हाच तिचा सांगाडा. छत नसलेल्या गाडीत या रचनेचा बहुतेक भार दाराखालच्या भागावर पडतो. इंग्रजीत त्याला 'सिल', म्हणजे उंबरठाच म्हणतात. बाहेरून तो एक गुळगुळीत पट्टी दिसतो. आत मात्र बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि खाली किल्ल्याच्या कंगोऱ्यांसारखी खाचा असलेली पट्टी अशी बंदिस्त पेटी असते. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर टाकलेले मीठ चाकांनी उडून या पेटीत शिरते, ओल आत कोंडते, आणि पत्रा आतून खाल्ला जातो. रंगावर पहिला फोड दिसतो तेव्हा आतला पडदा बहुधा संपलेला असतो.

घरी हे काम करणाऱ्याची पहिली कसोटी कापण्यापूर्वीच लागते. गाडी दोन टोकांना टेकवून उंबरठा कापला, तर ती मध्येच वाकते. दाराची वरची फट मिटते आणि नवा पत्रा त्या वाकलेल्या अवस्थेतच कायमचा जोडला जातो. मग ते दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. म्हणून आधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवा दांडा वेल्ड करून तिचे माप बांधून ठेवायचे, एका वेळी एकच बाजू उघडायची, आणि नवा उंबरठा पक्का करण्यापूर्वी दार टांगून फटी पुनःपुन्हा पाहायच्या. उष्णतेने पत्रा पिळवटतो, म्हणून सलग वेल्डिंग करायचे नाही. इथे एक टिपका, तिथे एक टिपका, मध्ये थांबायचे. जुन्या कारागिरांची सांधा बुजवण्याची रीत याहून हळुवार. पत्रा घासून त्याला कल्हई करायची, मग शिसे आणि कथील यांचा मिश्रधातू ज्योतीने लोण्यासारखा मऊ करून चरबी माखलेल्या लाकडी पट्टीने पसरायचा. धातू पुरता वितळला तर ओघळतो, थंड झाला तर चिकटत नाही. मधला अवधी हाताला कळावा लागतो. शिसे विषारी, त्यामुळे ते यंत्राने घासून धूळ उडवायची नाही, कानशीनेच उतरवायचे. पॉलिएस्टरची पुट्टी आल्यावर हे कसब बहुतांशी मागे पडले. पुट्टीखाली गंज झाकणेही तितकेच सोपे झाले.

इथवर मॉरिस कवींना फारसा आक्षेप नसता. पण १९८८ साली वेगळेच घडले. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने मूळ कारखान्यांतले जुने साचे मिळवून एमजीबीचा संपूर्ण नवा सांगाडा तयार करायला सुरुवात केली. ठिगळे लावण्यात वर्षे घालविण्यापेक्षा जुन्या गाडीचे इंजिन, आस, दिवे, खुर्च्या उतरवून नव्या सांगाड्यात बसवायच्या, एवढेच मालकाला उरले. हे काम सुरू झाले ऑक्सफर्डशायरमधील फॅरिंग्डन येथे. तिथून काही मैलांवर केल्म्सकॉट नावाचे खेडे आहे. कवी मॉरिस यांचे आवडते घर तिथे आहे आणि तिथल्याच चर्चच्या आवारात त्यांची समाधीही आहे. पुढे १९९२ साली रोव्हर कंपनीने हाच सांगाडा आधाराला घेऊन 'आरव्ही८' ही नवी गाडी विक्रीला आणली. जुन्याच्या डागडुजीसाठी केलेली प्रतिकृती अशा रीतीने स्वतःच 'मूळ' ठरली.

मग नव्या सांगाड्यातली जुनी गाडी ही तीच गाडी का? हा प्रश्न लंडनच्या न्यायालयात १९९० साली वेगळ्या गाडीच्या निमित्ताने आला. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकलेली 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला होता. ही अस्सल गाडीच नव्हे, असे म्हणून खरेदीदाराने माघार घेतली. १९२९ सालचे फारच थोडे भाग तिच्यात उरले होते, हे न्यायालयानेही मान्य केले. तरीही तिचे आयुष्य अखंड चालत आले, मध्ये कोणत्याही क्षणी तिची जागा दुसऱ्या गाडीने घेतली नाही, म्हणून ती अस्सल, असा निवाडा न्यायमूर्ती ऑटन यांनी दिला. अस्सलपणाचा आधार त्यांनी द्रव्यात शोधला नाही, परंपरेच्या सातत्यात शोधला.

मराठी वाचकाला हा वाद अनोळखी नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये, अशी ताकीद दिली. वारकऱ्यांच्या मुखी राहिली ती ही शुद्ध केलेली ज्ञानेश्वरी. १९०९ साली राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून वेगळी ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा कोणता पाठ जुना आणि कोणता खरा, यावर विद्वानांत वाद झाले. एकाच्या हाती जुने द्रव्य होते, दुसऱ्याच्या हाती अखंड परंपरा. पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून एक प्रामाणिक वाट काढली. जिथे पाठ निश्चित नाही, त्याखाली नागमोडी रेघ. संपादकाने आपला हात लपविला नाही.

मोटारींच्या जगाला या रेघेपर्यंत यायला बराच वेळ लागला. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३मध्ये स्वीकारलेली 'ट्युरिन सनद' आधी जतन, मग डागडुजी आणि सर्वांत शेवटी पुनर्रचना असा क्रम लावते. बदललेले भाग खुणेने ओळखता यावेत, असेही सांगते. आमच्या मते दोन्ही मॉरिस यांच्यात तडजोड होऊ शकते ती इथेच. उंबरठा खाल्ला गेला असेल तर तो बदलावाच लागेल. गाडी चालवायची तर कवीचा टेकू तिथे पुरत नाही. पण जो पत्रा शाबूत आहे त्याला हात लावू नये. कापलेल्या जुन्या उंबरठ्याचे छायाचित्र काढावे, नव्या पत्र्याच्या आतल्या बाजूला वर्ष कोरावे, आणि केलेल्या कामाची वही गाडीसोबत पुढच्या मालकाला द्यावी. पुढचा वाचक आपल्यापेक्षा शहाणा असू शकतो, एवढे गृहीत धरूनच संपादक पाठभेद तळटीपेत देतो. गॅरेजात गुडघे टेकून काम करणाऱ्यालाही तेच गृहीत धरावे लागते.