लिबरेटरचे रंग आणि डाग

जोयडा तालुक्यातील पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हे सांगावयास नको की आषाढ-श्रावणात आमच्याकडे रंगकाम हाती घेणे हा शुद्ध अविचार होय. भिंती पाझरतात, कपाटातील दस्तऐवजांना बुरशी चढते आणि चकचकीत रंग हवेतील ओलाव्याने पांढुरका पडतो. अशाच दिवसांत माझा भाचा एका बाँबफेकी विमानाची प्रतिकृती घेऊन माझ्याकडे राहावयास आला. ती मे महिन्याच्या सुटीतच जोडून झाली होती. उरले होते ते रंगकाम. एका लाकडी पेटीत विजेचा दिवा लावून तो एकेक भाग वाळवू लागला आणि मीही संध्याकाळी पक्षकार गेल्यावर त्याच्या शेजारी बसू लागलो.

विमान होते बी-२४ लिबरेटर. प्रतिकृती मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याची; म्हणजे खऱ्या विमानाच्या पंखांचा सुमारे साडेतेहतीस मीटरांचा विस्तार येथे साडेसेहेचाळीस सेंटिमीटरांत मावलेला. चार इंजिने, शेपटीला दोन लंबवर्तुळाकार उभे पंख आणि पेटीसारखे फुगीर पोट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशी अठरा हजारांहून अधिक विमाने बांधली. एवढ्या संख्येने निघालेल्या विमानांपैकी आज जगात अगदी थोडी शिल्लक आहेत आणि त्यांतील अनेक भारतातून गेलेली आहेत. हा योगायोग नव्हे. त्यामागे आपल्या देशाच्या पहिल्या वर्षांची एक कथा आहे, आणि ती ठाऊक नसेल तर या प्रतिकृतीला रंग कोणता द्यावा हेही ठरविता येत नाही.

ब्रह्मदेशाच्या मोहिमेत ब्रिटिश हवाई दलाने ही विमाने वापरली. ती अमेरिकेकडून उसनवारीच्या कराराने मिळालेली होती. युद्ध संपताच त्यांचे काम संपले आणि कानपूरच्या चकेरी तळावर ती मोडीत काढण्यात आली. पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून त्यांची बुद्धिपुरस्सर नासधूस केली गेली. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्या हवाई दलाकडे जड बाँबफेकी विमान एकही नव्हते आणि नवे विकत घेण्याइतका वेळही नव्हता. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने त्या भंगाराकडे दृष्टी वळविली. एका सांगाड्याचे भाग दुसऱ्यास लावून विमाने कशीबशी उडण्याजोगी केली गेली आणि कारखान्याचे चाचणी-वैमानिक जमशेद मुनशी यांनी ती एकेक करून बंगळूरास उडवीत नेली. अशी चाळिसांहून अधिक विमाने तेथे पोहोचली. त्यांतील पहिल्यांवर नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची पाचवी तुकडी उभी राहिली. पुढे १९५१ मध्ये पुण्यास सहाव्या तुकडीला ही विमाने देण्यात आली आणि सागरावरील टेहळणीचे काम तिच्याकडे सोपविण्यात आले. ज्यांना परक्यांनी भंगार ठरविले होते, ती विमाने १९६८ पर्यंत भारताच्या सेवेत राहिली. निवृत्तीनंतर त्यांना परदेशांतून मागणी आली. एक आज लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. दिल्लीच्या पालम येथील संग्रहालयातही एक जपलेले आहे.

आता रंगाकडे वळू. युद्धकाळात पूर्वेकडील आघाडीच्या ब्रिटिश विमानांवरील वर्तुळचिन्हातून तांबडा रंग काढून टाकण्यात आला होता. कारण जपानी विमानांवर तांबडा गोल असे आणि घाईत मित्रच मित्रावर गोळी झाडण्याचा संभव होता. म्हणून ते चिन्ह गडद व फिकट अशा दोन निळ्या छटांत रंगवीत. स्वातंत्र्यानंतर आपल्या विमानांवर काही काळ निळे अशोकचक्र आले आणि १९५० मध्ये प्रजासत्ताकाबरोबर बाहेर केशरी, मध्ये पांढरे व आत हिरवे असे चिन्ह स्थिर झाले. म्हणजे प्रतिकृतीवर चिन्ह चिकटविण्यापूर्वी वर्ष ठरवावे लागते. भाच्याने १९५० नंतरचा पुण्याचा काळ निवडला. त्याने जमविलेल्या छायाचित्रांत विमानाचे अंग उघड्या ॲल्युमिनियमचे होते. त्याने प्रथम काळ्या चकचकीत रंगाचे अस्तर दिले, त्यावर रुपेरी रंगाचे पातळ हात दिले आणि निरनिराळ्या पत्र्यांना किंचित निरनिराळी झाक दिली. अनेक सांगाड्यांतून सांधलेल्या विमानाचे पत्रे एकाच तेजाचे कसे असतील, हा त्याचा युक्तिवाद मला बिनतोड वाटला.

यानंतर आले ते खरे नाजूक काम. विमान नुकतेच कारखान्यातून बाहेर पडल्यासारखे न दिसता ऊन, वारा, धूर आणि तेल सोसलेले दिसावे, यासाठी त्यावर कृत्रिम डाग पाडतात. मलाही हौस वाटली. मी कुंचला तपकिरी रंगात बुडवून पंखाच्या सांध्यांवर गंजाचे सुरेख ओघळ काढले. भाचा शांतपणे म्हणाला, “माम, ॲल्युमिनियमाक अशी गंज खंय लागता?” मी निरुत्तर झालो. लोखंडाचा तांबूस गंज ॲल्युमिनियमला येत नाही. फार तर ते निस्तेज होऊन करडे पडते. वीस वर्षे दुसऱ्यांच्या साक्षीदारांची उलटतपासणी करणारा मी, येथे स्वतःच खोटी साक्ष तयार करून बसलो होतो. टर्पेंटाइनच्या बोळ्याने माझे ओघळ पुसले गेले.

त्यानंतर मी प्रत्येक डागाला त्याचे कारण विचारू लागलो. या विमानाच्या इंजिनांचा धूर खालच्या बाजूच्या यंत्रातून बाहेर पडतो. म्हणून काजळी इंजिनाच्या व पंखाच्या पोटाशी हवी, वर नव्हे. तेलाचा ओघळ उडत्या विमानावर वाऱ्याच्या दिशेने मागे जातो, सरळ खाली नव्हे. रंगाचा पापुद्रा उडून धातू उघडा पडलेला दाखवावयाचा तर मुळात तेथे रंग असला पाहिजे. उघड्या पत्र्यावर ते दाखविणे व्यर्थ, पंख्याच्या काळ्या पात्यांवर मात्र योग्य. शिवाय प्रमाणाचे भान हवे. प्रतिकृतीवरील एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरांहून मोठी जखम! चाकांना आमच्या अंगणातील तांबडी माती लावावी, असे मला फार वाटत होते. परंतु हे विमान कधी आमच्या जांभ्या दगडाच्या मुलुखात उतरले नव्हते. त्याचा तळ होता पुण्यास. तो मोहही सोडला.

काम चालू असता शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आले. विमान पाहून त्यांचे डोळे लकाकले. “दाबोळीवर बाँब टाकले ते हेच!” असे ते म्हणाले. आमच्या तालुक्यात गोवामुक्तीची आठवण जिवंत आहे, आणि ते साहजिकही आहे. आपल्या सीमेवरील कॅसलरॉक हे पोर्तुगीज हद्दीलगतचे स्थानक. १९५५ मध्ये आंबोलीच्या रानात सुरू झालेले ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे गुप्त नभोवाणी केंद्र पुढे याच कॅसलरॉकच्या जंगलात आले आणि लिबिया लोबो व वामन सरदेसाई यांनी ते १९६१ पर्यंत चालविले. मुक्तीची वार्ताही त्या दोघांनी हवाई दलाच्या विमानातून ध्वनिक्षेपकावरून गोमंतकीयांना ऐकविली. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री देण्यात आली. परंतु १८ डिसेंबर १९६१ रोजी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले ते पुण्याहून निघालेल्या १२ कॅनबेरा विमानांनी. ती दोन जेट इंजिनांची विमाने होती, चार पंख्यांचे लिबरेटर नव्हे. ‘लिबरेटर’ म्हणजे मुक्तिदाता. नाव जुळते म्हणून स्मृतीने दोन्ही एकत्र गुंफले असावे. मी हे त्यांना नम्रपणे सांगितले. ते थोडे हिरमुसले. परंतु नंतर कॅसलरॉकविषयी लहानपणी ऐकलेले किती तरी सांगत बसले, आणि तेच अधिक मोलाचे होते.

वाचक म्हणतील, देवस्थानच्या मंडळींसमोर हे विमानपुराण कशासाठी? त्याचे कारण असे की, त्याच सुमारास आमच्या देवस्थानाच्या बैठकीत जुन्या पालखीचा प्रश्न निघाला होता. दांडी पिढ्यानपिढ्यांच्या खांद्यांनी घासून मध्ये खोलगट झालेली, खुंट्या किडलेल्या, कोरीव काम तेलाने व धुराने काळवंडलेले. एक पक्ष म्हणे, सगळी घासून झगझगीत तैलरंग द्यावा. दुसरा म्हणे, नवी पालखी करून तिलाच जुनाट झाक आणावी, म्हणजे कोणास फरक कळणार नाही. मला दोन्ही सूचना ऐकून माझे ते गंजाचे ओघळ आठवले.

देवतेच्या मूर्तीची गोष्ट वेगळी. तिला वज्रलेप करावा, भंगलेली पूजेत ठेवू नये, हे शास्त्र आहे आणि त्यात मला बोलावयाचे नाही. परंतु पालखीच्या दांडीवरील तो खळगा हा कोणा एकाचा नव्हे. आपले पूर्वज किती वर्षे खांदा देत आले त्याचा तो लेखी नसलेला दस्तऐवज आहे. गोव्यातून देव घेऊन निघालेल्या आपल्या लोकांच्या इतिहासात कागद थोडे आणि अशा खुणाच अधिक. मंगेशाला १५६० मध्ये कुशस्थळीहून प्रियोळास नेले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ज्या लाकडाने, ज्या दोराने ते वाहून आणले त्याचा तुकडाही आपण जपला नाही. प्रतिकृतीवर खोटे डाग पाडण्यास माझी हरकत नाही, कारण प्रतिकृती स्वतःला अस्सल म्हणवीत नाही. नवे लाकूड जुने म्हणून देवापुढे ठेवणे मात्र मला मान्य नाही.

बैठकीत मी बंगळूरच्या कारखान्याचा दाखला दिला. उडण्यास जे आवश्यक ते त्यांनी बदलले आणि उरलेल्या सांगाड्यास पुन्हा कामाला लावले. तसेच आपण करावे: किडलेल्या खुंट्या नव्या घालाव्यात आणि त्या नव्याच दिसू द्याव्यात, सांधे बळकट करावेत, कोरीव कामावरील मळ हलक्या हाताने काढावा, दांडीला केवळ तेल द्यावे. बरीच चर्चा झाली. निर्णय दसऱ्यापूर्वीच्या बैठकीवर ढकलण्यात आला आहे. तोवर रंगाचा डबा उघडू नये, एवढे मात्र सर्वांनी मान्य केले.

विमान आता माझ्या कचेरीतील कपाटावर, कायद्याच्या ग्रंथांशेजारी उभे आहे. पंखाच्या एका सांध्यात माझ्या तपकिरी रंगाची एक बारीक रेघ राहून गेली आहे. भाचा ती पुसावयास निघाला होता. मी त्याला थांबविले. ती रेघ विमानाच्या इतिहासाची नव्हे, पण माझ्या चुकीची तरी खरी आहे.