जुन्या हार्ड डिस्कवरील पार्टिशन काढण्यापूर्वी

तळा (जि. रायगड) : जुना संगणक गावच्या घरी पाठवून देण्याची रीत कोकणात बरीच रुळलेली होती. मुंबईत नवा संगणक आला, की आधीचा ३८६, ४८६ किंवा पेंटियम गणपतीच्या नाहीतर मे महिन्याच्या फेरीत गावी जाई. मुलांच्या शिकण्यासाठी किंवा एखाद्या मंडळाच्या हिशेबासाठी तो तिथे आणखी काही वर्षे चाले. तळ्यासारख्या गावात माळ्यावर किंवा कपाटात असे यंत्र आजही सापडू शकते. भंगारात देण्यापूर्वी किंवा हौसेने पुन्हा सुरू करण्यापूर्वी त्याची हार्ड डिस्क मोकळी करावी, असे साहजिकच मनात येते. परंतु जुनी पार्टिशन काढली म्हणजे डिस्क पुसली गेली, हा समज चुकीचा आहे. त्यातून दोन उलट प्रकारचे नुकसान होते. हवा असलेला मजकूर हातचा जातो आणि नको असलेला दुसऱ्याच्या हाती पडतो.

पार्टिशन म्हणजे डिस्कची वाटणी. तिची नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असते. त्यातील ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट वाटणीच्या तक्त्यासाठी आणि उरलेले २ बाइट ओळखचिन्हासाठी राखलेले असतात. तक्त्यात फक्त चार नोंदी मावतात. आपल्याकडील जमिनीच्या भाषेत सांगायचे तर हा तक्ता डिस्कचा सातबारा आहे. नोंद खोडली म्हणून बागेतील आंबे नाहीसे होत नाहीत. चारांहून अधिक हिस्से हवे असल्यास एक नोंद 'एक्स्टेंडेड' म्हणून ठेवून तिच्या पोटात 'लॉजिकल ड्राइव्ह' पाडता येत. हे पोटहिस्सेच म्हणायचे.

जुन्या डिस्कवर इतके हिस्से का असत, याचे कारण हौस नव्हे, मर्यादा होती. १९८३ मध्ये आयबीएमचा एक्सटी हा संगणक १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह आला आणि त्याच्यासोबतच्या डॉस २.० मध्ये 'एफडिस्क' हा वाटणीचा प्रोग्रॅम होता. १९८७ च्या डॉस ३.३ मध्येही एक पार्टिशन ३२ मेगाबाइटपेक्षा मोठे करता येत नसे. पुढे ही मर्यादा २ गिगाबाइटपर्यंत वाढली. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीत फॅट-३२ ही पद्धत आल्यावर ती ओलांडता आली. म्हणून ४ गिगाबाइटच्या डिस्कवरही सी, डी, ई अशी तीन-तीन अक्षरे दिसणे ही त्या काळी नेहमीची बाब होती.

पार्टिशन काढण्याची रीत ठरलेली आहे. एफडिस्क असलेल्या फ्लॉपीवरून संगणक सुरू करावा. विंडोज ९५ च्या त्या आवृत्तीपासून पुढचा एफडिस्क मोठ्या डिस्कची सोय हवी का, असे आधी विचारतो. त्यानंतरच्या यादीत तिसरा पर्याय काढून टाकण्याचा आहे. पण चौथा, म्हणजे माहिती दाखवणारा पर्याय आधी उघडावा आणि दिसते ते कागदावर उतरवून घ्यावे. क्रम आतून बाहेर असा आहे. आधी लॉजिकल ड्राइव्ह, मग एक्स्टेंडेड आणि शेवटी प्रायमरी पार्टिशन. प्रत्येक ड्राइव्ह काढताना त्याचे लेबल अक्षरशः जसेच्या तसे टाइप करावे लागते. हा त्रास वाटतो खरा, परंतु चुकीचा ड्राइव्ह उडवण्यापासून वाचवणारा एवढा एकच अडसर तिथे आहे.

अनेक जण अडतात ते वेगळ्याच ठिकाणी. डिस्कवर लिनक्स असेल, किंवा एक्स्टेंडेड भागात विंडोज एनटीचा एनटीएफएस ड्राइव्ह असेल, तर एफडिस्क तो ओळखत नाही. मग तो एका तोंडाने लॉजिकल ड्राइव्ह नाहीत असे सांगतो आणि दुसऱ्या तोंडाने, लॉजिकल ड्राइव्ह असल्यामुळे एक्स्टेंडेड पार्टिशन काढता येत नाही असेही सांगतो. अशा वेळी लिनक्सचा एफडिस्क किंवा विंडोज एक्सपीची स्थापना-सीडी वापरणे हाच सरळ मार्ग. काही कॉम्पॅक संगणकांत डिस्कच्या एका लहानशा बिगर-डॉस हिश्श्यात यंत्राच्या मांडणीचा व तपासणीचा प्रोग्रॅम असे. तो हिस्सा निरुपयोगी समजून काढला, की सेटअपची ती सोय जाते. संगणक पुन्हा वापरायचा असेल तर त्याला हात लावू नये.

अनेक वर्षे बंद राहिलेल्या यंत्रात आणखी एक फसगत संभवते. मदरबोर्डवरील बॅटरी संपली, की डिस्कमध्ये सिलिंडर, हेड व सेक्टर किती, हे संगणक विसरतो. चुकीचे आकडे भरले तर चांगल्या डिस्कवरील पार्टिशनही बिघडलेली किंवा नाहीशी झालेली दिसतात आणि माणूस ती काढायला निघतो. बरोबर आकडे बहुधा डिस्कवरील चिठ्ठीवर छापलेले असतात. काही बॅटऱ्या गळून बोर्डही खातात, त्यामुळे वीज जोडण्यापूर्वी खोके उघडून पाहणे बरे. कोकणातील पावसाळी दमटपणात फ्लॉपींवर बुरशी चढते, तेव्हा जुनी फ्लॉपी चालेल यावरही फार विसंबू नये.

पहिल्या सेक्टरची गोष्ट निघाली की 'जोशी' आठवतो. १९९० मध्ये भारतात आढळलेला हा विषाणू हार्ड डिस्कच्या याच सेक्टरमध्ये घर करी. ५ जानेवारीला तो संगणक अडवून ठेवी आणि जोशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप केल्याशिवाय सोडत नसे. पार्टिशन काढताना एफडिस्क फक्त ६४ बाइटच्या तक्त्यात फेरफार करतो, ४४६ बाइटच्या प्रोग्रॅमला सहसा हात लावत नाही. म्हणून सारे हिस्से काढले, नवे पाडले, फॉरमॅट केले, तरी जोशी तिथेच राही. तो प्रोग्रॅम नव्याने लिहिण्याची सोय एफडिस्कमध्ये पुढे आली. परंतु 'मंकी'सारखा विषाणू मूळ तक्ता सांकेतिक करून ठेवतो, तिथे ती वापरली तर सगळी डिस्कच दिसेनाशी होते. अशा उपद्रवांच्या काळातच पुण्यात काटकर बंधूंच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानातून 'क्विक हील' उभे राहिले.

आता मूळ मुद्दा, मजकुराचा. तक्त्यातील नोंद गेली तरी फाइल जागेवरच असतात. डॉसचा फॉरमॅटही हार्ड डिस्कवर प्रामुख्याने फाइलींची नवी अनुक्रमणिका तयार करतो, आतील मजकूर बहुतांशी तसाच राहतो. अमेरिकेत सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलट या संशोधकांनी वापरलेल्या १५८ डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार त्यातील १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या अवघ्या १२ निघाल्या. बाकीच्यांतून हजारो क्रेडिट कार्ड क्रमांक मिळाले. पतसंस्थेचे किंवा दवाखान्याचे काम झालेला संगणक भंगारात देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. संपूर्ण डिस्कवर पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत शून्ये लिहिणे हा खरा उपाय. चालू डिस्कसाठी ते एकदा केले तरी पुरते. नादुरुस्त डिस्कच्या तबकड्या फोडाव्यात.

मात्र त्याआधी मजकूर बाहेर काढावा, आणि मराठीच्या बाबतीत केवळ फाइलची प्रत घेणे पुरेसे नाही. विंडोजमध्ये देवनागरीसाठी युनिकोडची सोय विंडोज २००० पासून आली. तोपर्यंतचा मराठी मजकूर सी-डॅकची आयएसएम, श्री-लिपी, आकृती अशा सॉफ्टवेअरमध्ये आणि त्यांच्या स्वतंत्र फॉन्टमध्ये टाइप होई. दोन फॉन्टमधील अक्षरांची जागा सारखी नसे. तो फॉन्ट नसेल तर ग्रामदेवतेच्या यात्रेचा जमाखर्च किंवा मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गुंता दिसतो. म्हणून फाइलींबरोबर विंडोजमधील 'फॉन्ट्स' फोल्डरचीही प्रत घ्यावी. श्री-लिपीसारखे सॉफ्टवेअर संगणकाला जोडलेल्या हार्डवेअर लॉकशिवाय चालत नसे, तेव्हा तो छोटा खटकाही फेकून देऊ नये. मूळ यंत्र सुरू होत असेल तर महत्त्वाचे कागद त्यावरूनच छापून घेणे सर्वांत खात्रीचे. पुढे युनिकोडमध्ये रूपांतर करताना तपासायला ते उपयोगी पडतात.

यंत्र सुरू होत नसले तरी चाळीस पिनांची आयडीई डिस्क काढून यूएसबी जोडणीने आजच्या संगणकावर वाचता येते. तिच्यावर काही न लिहिता आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा फाइल करून ठेवावी आणि शोधाशोध त्या प्रतिमेत करावी. एक्सटीच्या काळातील, दोन स्वतंत्र पट्ट्यांनी जोडलेल्या डिस्क या जोडणीवर चालत नाहीत. त्यांना मूळ कंट्रोलर कार्डच लागते, म्हणून ते कार्ड डिस्कपासून वेगळे करू नये. उरलेले खोके साध्या भंगारात न देता ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावे. त्यासंबंधीचे सध्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.