चावीच्या कॅमेऱ्याची साक्ष

सिनेमात जुना काळ उभा करायचा तर काय काय लागतं? जुन्या मोटारी, जुने कपडे, तबकडीचा टेलिफोन. आणि अनेकदा, हातात मावणारा चावीचा मूव्ही कॅमेरा. पडद्यावरचं चित्र थरथरलं, रंग विटले, की आपण लगेच समजतो, हे त्या काळातलं, म्हणजे खरं! आज मला या समजुतीबद्दलच बोलायचं आहे.

कोडॅकने १९२३ साली १६ मिलिमीटरची फिल्म आणली आणि सिनेमा हौशी माणसाच्या हाती आला. ती महाग पडे, म्हणून १९३२ मध्ये ८ मिलिमीटरची आली. यातली युक्ती मजेदार होती. रीळ १६ मिलिमीटर रुंदच असे. आधी तिच्या अर्ध्या भागावर चित्रण करायचं, मग रीळ उलटं घालून उरलेल्या अर्ध्यावर. फिल्म धुतल्यावर ती मधोमध उभी कापून जोडत. बहुतेक कॅमेऱ्यांना बॅटरी नसे. गजराच्या घड्याळाला देतात तशी चावी द्यायची!

अब्राहम झाप्रुडर या डॅलसमधल्या कपड्यांच्या व्यावसायिकाकडे बेल अँड हॉवेल कंपनीचा असाच कॅमेरा होता. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडींची मिरवणूक टिपायला ते उभे राहिले, आणि त्यांच्या कॅमेऱ्यासमोरच केनेडींची हत्या झाली. सारी फिल्म साडेसव्वीस सेकंदांची, ४८६ चित्रांची. आवाज नाही.

पण या मुक्या फिल्मने घड्याळाचं काम केलं. एफबीआयने तोच कॅमेरा तपासून पाहिला. त्याचा वेग सेकंदाला सरासरी १८.३ चित्रं भरला. ज्या बंदुकीचा संशय होता, तिच्यातून एकामागून एक दोन गोळ्या झाडायला किमान २.३ सेकंद लागत. म्हणजे दोन गोळ्यांमध्ये निदान ४२ चित्रांचं अंतर हवं! वॉरन आयोगाने चित्रं मोजून हिशेब मांडले. आयोगाच्या विरोधकांनीही तीच चित्रं मोजली.

‘लाइफ’ साप्ताहिकाने फिल्म विकत घेतली आणि तिच्यातली चित्रं छापली. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय टेलिव्हिजनवर ती हलती दिसायला मार्च १९७५ उजाडला.

पुढे १९९१ मध्ये ऑलिव्हर स्टोन यांचा ‘जेएफके’ आला. त्यात झाप्रुडरची खरी फिल्म आहे, आणि तिच्या शेजारी जुन्या चित्रणासारखे दिसतील असे मुद्दाम घेतलेले प्रसंगही आहेत. ते एकमेकांत असे मिसळले आहेत, की खरं कुठलं आणि रचलेलं कुठलं, हे प्रेक्षकाला कळेनासं होतं. टीका खूप झाली. मात्र या सिनेमाने उठवलेल्या गदारोळातूनच १९९२ साली हत्येची कागदपत्रं खुली करण्याचा कायदा झाला, हेही सांगायला हवं.

मूळ फिल्म सरकारने स्वतःकडे घेतली, आणि १९९९ मध्ये लवादाने तिची भरपाई ठरवली १ कोटी ६० लाख डॉलर! हे मोल विटलेल्या रंगांचं नव्हतं. फिल्म कुणी घेतली, कुठे उभं राहून घेतली, कॅमेऱ्याचा वेग किती होता, हे सगळं पडताळून पाहता येत होतं, म्हणून ती पुरावा ठरली.

आज मोबाइलवर एक बटण दाबलं की कालचं चित्रण साठ वर्षांपूर्वीचं दिसू लागतं. म्हणून पडद्यावर थरथरतं चित्र दिसलं की डोळे पाणावू द्यावेत, त्याला हरकत नाही. पण विश्वास ठेवण्याआधी एवढं जरूर विचारावं, की हे नुसतं जुनं दिसतंय, की खरोखर जुनं आहे?