हॅनकॉकचं 'लोणचं'

"चालतंय ना? मग हात लावू नकोस!" आमच्या धंद्यात हे वाक्य रोज कानावर पडतं. पण हा कारभार फक्त सॉफ्टवेअरवाल्यांचाच नाही बरं का. रबराचा उद्योगही शंभर वर्षं असाच चालला होता.

गोष्ट १८२० सालची, लंडनमधली. थॉमस हॅनकॉक हा गाड्या बनवणारा कारागीर. तो कच्च्या रबराच्या पट्ट्या कापून हातमोज्यांना, बुटांना लावायचा. कापताना ढीगभर तुकडे वाया जायचे. ताज्या कापलेल्या कडा एकमेकींना चिकटतात, हे त्याने पाहिलं होतं. मग तुकड्यांचा पार कीसच पाडला तर? म्हणून त्याने एक यंत्र केलं : आतून दाते असलेलं पोकळ लाकडी नळकांडं, आणि त्यात हाताने फिरवायचा दातेरी रूळ.

फिरवलं, आणि झालं उलटंच! कीस पडलाच नाही. आतून निघाला गरम, एकजीव गोळा, मळलेल्या कणकेसारखा. या रबराचे ठोकळे पाडता येत होते, ते द्रावकात लवकर विरघळत होतं. हॅनकॉकने बरीच वर्षं पेटंट घेतलंच नाही. कुणाला सुगावा लागू नये म्हणून यंत्राला नाव दिलं 'पिकल', म्हणजे लोणचं!

पण रबर मऊ का पडलं? रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या असतात, हे हर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडलं. त्यानंतर कोडं सुटत गेलं. रूळ या गुंतलेल्या साखळ्या इतक्या ताणतो की त्या तटकन तुटतात. तुटलेली टोकं पुन्हा जुळू पाहतात, पण हवेतला ऑक्सिजन मध्ये येऊन त्यांना चिकटतो. नुसत्या नायट्रोजनमध्ये मळलं तर रबर फारसं मऊ पडत नाही. गंमत म्हणजे थंड रबर जास्त तुटतं, कारण ते ताठ असतं, रुळाचा ताण पुरता झेलतं. खूप तापलं की मात्र ऑक्सिजन स्वतःच साखळ्या तोडू लागतो. मधे, ११० अंशांच्या आसपास, दोन्ही कामं मंदावतात.

म्हणजे हॅनकॉकला तुकडे करायचे होते, आणि तुकडे झालेही, पण रेणूंचे! तुटलेली साखळी पूर्ववत होत नाही; अती मळलं तर रबर कायमचं कमजोर होतं. किती मळायचं हे कारागिरांचे हात ठरवत होते. 'का' मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

असो. सोमवारी ऑफिसात तो 'हात लावू नकोस'वाला कोड उघडून बघणार आहे. आत कुठलं लोणचं मुरतंय कोण जाणे!