दक्षिण गंगोत्री ते मैत्री : गोठवणाऱ्या थंडीतील बांधकाम

भिवंडीजवळच्या दापोडे परिसरात नवे गोदाम उभे राहते, तेव्हा कापणे, वेल्डिंग, भोके पाडणे ही कामे बहुतेक आधीच कारखान्यात झालेली असतात. तयार खांब आणि तुळया ट्रेलरवरून येतात, क्रेन त्या उचलते आणि कामगार नट आवळत जातात. एखादे भोक जुळले नाही, तर तुळई परत पाठवता येते. किंवा, अभियंत्याचे लक्ष नसेल तर, गॅसने भोक मोठे करून वेळ भागवली जाते. पण कारखाना दहा हजार किलोमीटरवर असेल आणि जहाज वर्षातून एकदाच येणार असेल तर?

भारतीयांपुढे हा प्रश्न अंटार्क्टिकावर आला. डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखालची पहिली मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहून निघाली आणि पाहणी करून परतली. डॉ. हर्ष गुप्ता यांच्या तिसऱ्या मोहिमेने, 1983-84 च्या उन्हाळ्यात, ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले कायम वस्तीचे केंद्र उभारले. अंटार्क्टिकाचा उन्हाळा म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यानंतर समुद्र पुन्हा गोठू लागतो आणि त्याआधी जहाजाला निघावेच लागते. म्हणजे हाताशी जेमतेम दोन महिने. तेवढ्यात तयार भाग जोडून केंद्र उभे राहिले आणि 12 जण तेथे हिवाळा काढण्यासाठी थांबले. विसरलेला बोल्ट पुढच्या वर्षीच मिळणार होता, आणि मधली रात्र दोन महिन्यांची होती.

तेथे काँक्रीट ओतून इमारत का बांधत नाहीत, असे विद्यार्थी विचारतील. सिमेंट घट्ट होते ते पाण्याबरोबर होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे. थंडीत ही क्रिया मंदावते आणि त्याआधीच पाणी गोठले, तर ते प्रसरण पावून कोवळे काँक्रीट आतून फोडते. म्हणून घरी बनवायचे आणि तेथे फक्त जोडायचे, हाच मार्ग उरतो.

दक्षिण गंगोत्री समुद्रावर तरंगणाऱ्या जाड हिमस्तरावर होते. ते बर्फात गाडले जाऊ लागले. वरून पडणाऱ्या हिमापेक्षा वाऱ्याबरोबर जमिनीलगत सरपटत येणारे हिम अधिक त्रासदायक असते. इमारतीच्या आडोशाला वाऱ्याचा वेग कमी होतो आणि वाहून आणलेले हिम तेथेच पडते. टेबलपंख्यासमोर काड्यापेटी ठेवून दुरून चिमूटचिमूट रांगोळी सोडली, तर पेटीमागे साचणारा ढीग वर्गातही दाखवता येतो. आता पेटीला चार टाचण्यांचे पाय लावा. खालच्या फटीतून वारा जोराने जातो आणि रांगोळी फारशी साचत नाही.

दुसरे केंद्र ‘मैत्री’ असेच पोलादी खांबांवर, जमिनीपासून उंच उभारले गेले. जागाही बदलली. हिमस्तराच्या काठापासून सुमारे 100 किलोमीटर आत, शिर्माखर टेकड्यांच्या उघड्या खडकावर. बर्फ सरकतो, खडक सरकत नाही. मैत्रीच्या आराखड्याचे काम पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण खात्याच्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेने केले. हे केंद्र 1989 मध्ये वापरात आले आणि पुढच्याच वर्षी दक्षिण गंगोत्री सोडून देण्यात आले.

वाऱ्याचा प्रश्न असा सुटला, तरी खांबांचे पोलाद स्वतः थंडीत कसे वागते हा प्रश्न राहतो. त्याचा धडा जगाला जहाजांनी दिला होता. 16 जानेवारी 1943 रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज, शांत पाण्यात धक्क्याला उभे असताना, मोठा आवाज होऊन मधोमध मोडले. वादळ नव्हते, टक्कर नव्हती. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी अशा अपघातांचा अभ्यास केला आणि दाखवून दिले की नेहमीचे पोलाद ठराविक तापमानाखाली चिवटपणा सोडून काचेसारखे ठिसूळ होते. जुन्या जहाजांत रिव्हेटने जोडलेल्या पत्र्याच्या कडेला भेग थांबत असे. वेल्डिंगच्या सलग पत्र्यात ती धावतच जाई. आज थंड प्रदेशासाठीचे पोलाद कमी कार्बनचे, अधिक शुद्ध आणि बारीक कणरचनेचे घेतात. खाच पाडलेला नमुना थंड करून लंबकाच्या हातोड्याने तोडतात आणि तुटताना किती ऊर्जा लागली ते मोजतात.

उघड्यावर वेल्डिंग करणेही तेथे धोक्याचे असते. आजूबाजूचा थंड धातू उष्णता झपाट्याने शोषतो, जोड एकदम थंड होतो आणि त्यालगतचा भाग कठीण पण ठिसूळ बनतो. म्हणून बोल्ट बरे. पण बोल्टची भोके जुळली पाहिजेत. पोलादाची लांबी दर अंशाला दर मीटरमागे सुमारे 0.012 मिलिमीटर बदलते. आपल्याकडे 30 अंशांना कापलेली 20 मीटरची तुळई उणे 30 अंशांना 14 मिलिमीटरहून अधिक आखडते! हा हिशेब जहाज सुटण्यापूर्वीच व्हावा लागतो.

तिसरे केंद्र ‘भारती’ 2012 मध्ये सुरू झाले. त्यात ही पद्धत टोकाला नेलेली दिसते: 134 मालवाहू कंटेनर हीच इमारतीची चौकट.

याच्या नेमका उलटा मार्ग काश्मीरच्या रेल्वेमार्गावरील चिनाब पुलासाठी घ्यावा लागला. हे काम पाहणारे कोकण रेल्वे महामंडळ आपले नवी मुंबईचे. पुलाची कमान 467 मीटर गाळ्याची, रूळ नदीपात्रापासून 359 मीटर उंचीवर. एवढे अवजड भाग डोंगरातल्या वळणांवरून नेणे अशक्यच. तेव्हा पत्रे वर नेले आणि कार्यशाळाच पुलाजवळ उभारल्या. तेथे थंडी उणे 10 अंशांपर्यंत धरलेली आहे, अंटार्क्टिकापेक्षा सौम्य. खरी चिंता दरीतल्या वाऱ्याची होती. पूल ताशी 266 किलोमीटर वेगाचा वारा सोसेल असा आखला आहे. दोन्ही तीरांवरून वाढत आलेल्या कमानीची टोके एप्रिल 2021 मध्ये दरीच्या मध्यावर जोडली गेली आणि जून 2025 मध्ये पूल रेल्वेसाठी खुला झाला.