उलट आणि सुलट : नाशिक-अंबड परिसरातील सुईविणीच्या इतिहासाचा एक प्रश्न

नाशिकच्या दक्षिणेस मुंबई-आग्रा मार्गालगत जो त्रिरश्मी डोंगर आहे त्यातील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा एक प्रसिद्ध लेख आहे. त्यातील दानाचा तपशील प्राचीन अर्थव्यवस्थेच्या अभ्यासकांना परिचित आहे. उषवदाताने गोवर्धन येथील कोलिकांच्या, म्हणजे कोष्ट्यांच्या, दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक या व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज दोनशे चाळीस कार्षापण होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावेत, असे लेख सांगतो. हिशेब तंतोतंत जुळतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात या परिसरात कापड कोण विणीत होते, त्यांची संघटना कशी होती आणि त्यांची पत किती होती, हे आपल्याला दगडावर कोरलेले मिळते.

या लेण्यांपासून थोड्याच अंतरावर अंबड हे गाव आहे. (जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव अंबड ते हे नव्हे.) आज ते नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत असून मुख्यतः औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. अंबडच्या एखाद्या घरात दोन सुयांवर सुताचे जाडसर, दाणेदार पोताचे फडके कोणी विणीत असेल, तर त्या क्रियेचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावयाचा? मागावरच्या विणकामाला दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. सुईवरच्या विणकामाला शंभर वर्षांपूर्वीची वहीदेखील क्वचितच असते. ही तफावत कशामुळे पडली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्दाची अडचण दूर केली पाहिजे. मराठीत कापड विणतात, बाज विणतात, टोपली विणतात आणि स्वेटरही विणतात. एकाच क्रियापदाने या चार कृती सांगितल्या जात असल्या तरी त्या तंत्रदृष्ट्या भिन्न आहेत. मागावर ताणा आणि बाणा अशा सुतांच्या दोन संचांची गाठ पडते. सुईविणीत मात्र एकच अखंड धागा असतो. त्याचा फास दुसऱ्या फासातून ओढून काढावयाचा आणि तोच क्रम चालू ठेवावयाचा, एवढेच तिचे तत्त्व. त्यामुळे मागावरचे कापड सहसा ताणले जात नाही, तर सुईवरचे कापड सर्व दिशांना ताणले जाते. मागावरचे कापड फाटते, तर सुईवरचे उसवते. या दुसऱ्या गुणाचे ऐतिहासिक महत्त्व पुढे येईल.

सुईविणीचे सारे व्याकरण दोन टाक्यांचे आहे : सुलट आणि उलट. हे दोन टाके वेगळे नसून एकाच टाक्याच्या दोन बाजू आहेत, कारण समोरून सुलट दिसणारा टाका मागून उलट दिसतो. समोरून सर्व सुलट आणि मागून सर्व उलट अशी वीण घातली तर कापड गुळगुळीत होते, पण त्याच्या कडा गुंडाळतात. दाणेदार पोत हवा असल्यास दोन्ही टाके एकाच बाजूस मिसळावे लागतात. ज्या विणीला आपल्याकडे साबुदाण्याची वीण म्हणतात तिची कृती अगदी साधी आहे. सुईवर विषम संख्येने, समजा ४१, टाके घालावेत; एक सुलट, एक उलट असे करीत जाऊन शेवटचा टाका सुलट घ्यावा; आणि प्रत्येक ओळ अशीच विणावी. टाक्यांची संख्या विषम असल्यामुळे प्रत्येक ओळीत सुलटाच्या डोक्यावर उलट येतो आणि दोन्ही बाजूंना सारखे दाणे उठतात. हे कापड सपाट राहते व त्याच्या कडा गुंडाळत नाहीत. दाण्यांमुळे पृष्ठभाग वाढतो, पाणी धरून ठेवण्यास जागा मिळते आणि भांड्यावर घासताना खरखरीतपणा उपयोगी पडतो. धागा सुताचा असेल तर फडके उकळत्या पाण्यातही धुता येते. लोकर उकळली तर आटून घट्ट होते. पोत, धागा आणि उपयोग यांची अशी सांगड या क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूत घातलेली असते.

मागाच्या मानाने ही कला अर्वाचीन आहे. आज उपलब्ध असलेले सुईविणीचे सर्वांत जुने निश्चित नमुने ईजिप्तमधील सुती मोज्यांचे असून ते साधारणतः अकराव्या शतकापासून पुढचे आहेत. त्याहून जुने जे मोजे सापडतात ते बव्हंशी एका नेढ्याच्या सुईने फास गुंफण्याच्या निराळ्या पद्धतीचे आहेत. उलट टाक्याचा नक्षीसाठी केलेला उपयोग तर सोळाव्या शतकाच्या मध्यास प्रथम स्पष्ट दिसतो. १५६२ साली मृत्यू पावलेल्या फ्लॉरेन्सच्या एलिओनोरा दि तोलेदो हिच्या दफनवस्त्रांतील मोज्यांवर तो आढळतो. पुढे १५८९ मध्ये इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. म्हणजे उलट टाक्याचा पहिला ठळक पुरावा आणि विणण्याचे पहिले यंत्र यांत तीस वर्षांपेक्षा फारसे अंतर नाही. यंत्र आल्यावरही हातवीण नष्ट झाली नाही. बाजारासाठी यंत्र आणि घरासाठी हात अशी विभागणी हळूहळू झाली, आणि १८३० नंतर निघालेल्या छापील नमुनापुस्तकांनी हातविणीला मध्यमवर्गीय स्त्रीच्या 'फुरसतीच्या उद्योगा'चे स्वरूप दिले. तिच्या इतिहासातील हे वळण महत्त्वाचे आहे, कारण हिंदुस्थानात ही कला त्याच स्वरूपात आली.

ती येण्यापूर्वी आपल्याकडे लोकर नव्हती किंवा थंडी नव्हती, असे म्हणता येणार नाही. नाशिक जिल्ह्यातील निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. धनगर मेंढरांमागे चालता चालता चातीवर लोकरीचे सूत काढतो. त्या सुतापासून मागावर घोंगडी होते. कच्चा माल, धागा आणि गरज या तिन्ही गोष्टी उपलब्ध असूनही येथे सुईवीण रुजलेली नव्हती, कारण घोंगडीने ती गरज भागविली होती. तंत्र हे केवळ कच्च्या मालातून जन्म घेत नाही, कोणीतरी ते कोणाच्या तरी हातांना शिकवावे लागते, हा यातून निघणारा पहिला निष्कर्ष होय.

हे शिक्षण मराठी मुलखात मुख्यतः मिशनच्या कन्याशाळांतून सुरू झाले. १८२७ मध्ये मुंबईस आलेल्या आणि पुढे अहमदनगरास काम केलेल्या सिंथिया फॅरार यांच्यापासून या शाळांची परंपरा सांगता येते. वाचन व लेखन यांच्या जोडीला सुईकाम हा त्या शाळांच्या अभ्यासक्रमाचा नित्याचा भाग होता. नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात शरणपूर ही वसाहत उभारली. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे प्रमुख चालक. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना येथे आश्रय देऊन उद्योग शिकविले जात असत, आणि डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासातील काही साथीदार येथेच शिकलेले होते. १८७४ मध्ये प्राइस पूर्व आफ्रिकेत गेले. अक्षर, धर्म आणि हातांचा उद्योग एकत्र देणारी ही वसाहत अंबडपासून थोड्याच मैलांवर होती. नव्या हस्तकौशल्यांचा येथील समाजाशी संबंध कोणत्या प्रकारच्या संस्थांतून आला, याचे हे जवळचे उदाहरण होय.

यानंतर सुईकाम हा स्त्रीशिक्षणाच्या वादातील एक मुद्दाच बनला. पुण्यात १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल निघाले तेव्हा मुलींना इंग्रजी व गणित किती आणि शिवण-स्वयंपाक किती शिकवावा, यावर 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी प्रखर टीका केली. सुधारक आणि त्यांचे विरोधक यांचे अन्य सर्व बाबतींत मतभेद असले तरी सुईबद्दल ते नव्हते. एका पक्षाला सुई ही स्वावलंबनाची सोय वाटली, दुसऱ्याला ती मर्यादेची हमी वाटली. सुई ज्या हातात होती त्या हाताला काय वाटले, हे मात्र दोन्ही पक्षांच्या लेखनात फारसे येत नाही.

आता फडक्याकडे वळू. सुताचा चौकोनी तुकडा हा सुईविणीचा स्वाभाविक पहिला पाठ आहे. त्यात टाके वाढवावे किंवा घटवावे लागत नाहीत, चूक झाली तर ती लगेच दिसते, आणि उसवून तोच धागा पुन्हा वापरता येतो. पाश्चात्त्य घरांत असा तुकडा थेट स्वयंपाकघरात जाई. मराठी घरात तो तसा गेला नाही. याची दोन कारणे संभवतात.

पहिले कारण आर्थिक आहे. मराठी घरात पुसण्याच्या वस्त्रांची एक उतरंडच होती. लुगडे किंवा धोतर जुने झाले की त्याचे जुनेर होई; बरे जुनेर बोहारणीला देऊन त्यावर भांडे मिळे; उरलेले गोधडीत जाई; त्याहून विरलेले ते फडके, आणि फडके झिजले की त्याचे पोतेरे. भांडी घासण्यास राख, माती आणि नारळाची शेंडी होती. नाशिकच्या तांबटांनी घडविलेल्या तांब्या-पितळेला चिंच पुरेशी होती. जेथे जुन्या कापडाच्या मोबदल्यात नवे भांडे येते, तेथे ते भांडे पुसण्यासाठी रोख पैसे देऊन नवे सूत आणावे आणि चार दिवस खपून ते विणावे, ही कल्पनाच घरखर्चाच्या तर्कात बसत नव्हती.

दुसरे कारण आचारधर्माचे. ब्राह्मणी स्वयंपाकघरात वस्त्राचा धागा हा शुचितेचा प्रश्न होता. रेशमी मुकटा आणि लोकरीची धाबळी सोवळ्यात चालत असत. सुती वस्त्र मात्र धुऊन, कोणाचा स्पर्श न होऊ देता वाळवावे लागे. जाड, दाणेदार आणि पाणी धरून ठेवणारे सुती फडके सावकाश वाळते, आणि न वाळलेल्या सुताला सोवळ्यात स्थान नाही. ज्या गुणामुळे ते पाश्चात्त्य ओट्यावर उपयोगी ठरले तोच गुण येथे आडवा आला. नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांनी 'स्मृतिचित्रे'त आपल्या वडिलांच्या सोवळ्याचा जो कडकपणा चित्रित केला आहे, तो वाचल्यावर अशा घरात वस्तूच्या उपयोगापेक्षा तिच्या शुद्धतेचा विचार किती पुढे होता, याची कल्पना येते. अर्थात हे कारण सर्व जातींना सारखे लागू नाही. पहिले कारण मात्र बहुतेक सर्वांना लागू होते.

परिणामी मराठी घरातील सुईवीण स्वयंपाकघर ओलांडून तान्ह्या बाळाच्या टोपड्या-मोज्यांकडे, गळपट्ट्याकडे आणि स्वेटराकडे गेली. दैनंदिन झिजणाऱ्या वस्तूंपेक्षा भेट द्यावयाच्या वस्तूंत तिला स्थान मिळाले. फडक्याचा तुकडा सरावापुरता उरला. विणला, दाखविला आणि उसवला. सुरुवातीस सांगितलेला उसवण्याचा गुण येथे इतिहासाच्या आड येतो. जे उसवून पुन्हा विणले जाते, ते पुराव्यादाखल मागे राहत नाही.

या कामाची सार्वजनिक दखल घेतली गेली ती युद्धप्रसंगी. पहिल्या महायुद्धात मुंबई इलाख्याच्या मदतनिधीची स्त्रियांची शाखा लेडी विलिंग्डन यांच्या नेतृत्वाखाली सैनिकांसाठी कपडे जमा करीत होती. पुढे १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी हिमालयातील जवानांसाठी देशभर स्त्रियांनी स्वेटर विणले. त्याच वेळी संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. त्या काळात देवळाली-नाशिकच्या लष्करी परिसरात विणकाम म्हणजे केवळ फुरसतीचा उद्योग, असे कोणी म्हटले नसते. तोच हात, तेच टाके. ते घरासाठी पडले तेव्हा विरंगुळा ठरले आणि राष्ट्रासाठी पडले तेव्हा सेवा ठरली. श्रमाचे मूल्य श्रमावरून न ठरता ग्राहकावरून ठरते, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

अंबडच्या बाबतीत या इतिहासाला आणखी एक पदर आहे. यंत्रकामाच्या कारखान्यांत तेलकट हात आणि यंत्राचे भाग पुसण्यासाठी जे कापड वापरले जाते, त्यात बनियनच्या कापडाचे कातरलेले तुकडे मोठ्या प्रमाणात असतात. हे कापड विणीच्या जातीने सुईवरचेच आहे, फक्त ते यंत्राने विणलेले असते. ते मऊ असते आणि द्रव चटकन शोषून घेते, या गुणांसाठीच त्याची निवड होते. जे विणलेले फडके मराठी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर राहिले, ते कारखान्याच्या दारातून आत आले. तेथे त्याची खरेदी होते, वजन होते, नोंद होते. हिशेबाच्या वहीत त्याला जागा मिळते, कारण ते बाजारातून आलेले असते.

उषवदाताच्या लेखाकडे पुन्हा पाहिले तर त्याचा अर्थ आता अधिक स्पष्ट होतो. कोलिकांची नोंद दगडावर झाली ती ते विणीत होते म्हणून नव्हे, तर त्यांच्याकडे ठेव होती आणि तिचे व्याज देय होते म्हणून. १८८३ च्या नाशिक गॅझेटियरपर्यंत आणि जनगणनेच्या व्यवसायकोष्टकांपर्यंत हाच नियम चालत आलेला दिसतो. विनिमयात उतरलेला श्रम नोंदला जातो. घरात खपलेला श्रम नोंदीबाहेर राहतो. त्या नोंदींवरच विसंबून इतिहास लिहिणारा अभ्यासक नकळत हाच नियम पुढे चालवितो.

म्हणून स्थानिक इतिहासाच्या विद्यार्थ्याने दप्तरखान्याबरोबर घरातील पेटीही उघडली पाहिजे. तिच्या तळाशी एखादा अर्धवट विणलेला चौकोन असेल तर त्यातील टाके मोजावेत, सूत गिरणीचे की हातकताईचे ते पाहावे, वीण कोठे चुकली आणि कोठे सुधारली ते टिपावे. सुईच्या हाताचा ताण माणसागणिक वेगळा असतो. तो हस्ताक्षराप्रमाणे ओळखता येतो. शिलालेखाचे वाचन करताना आपण झिजलेल्या एकेका अक्षरासाठी थांबतो. तेवढेच लक्ष एखाद्या टाक्याला दिले, तर ज्यांनी नावे कोरून ठेवली नाहीत त्यांच्या श्रमाचाही इतिहास लिहिता येईल. कारण त्या कापडाची उलट बाजूही एक लेखच आहे.